समासातल्या ओळी, आखाजी आणि एकच प्रत असलेली वही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळचे अमळनेरचे, नोकरी पुण्यात. कादंबरीची दीडशे पानं लिहून झाली आहेत. तालुक्याच्या गावातलं जुनं वाचनालय. तिथल्या एका कवितासंग्रहाच्या समासात नायकाला पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी सापडतात. वाचनालयातली तरुण ग्रंथपाल त्याला मदत करते आणि दोघं एका विस्मृतीत गेलेल्या कवीच्या हरवलेल्या वहीचा शोध घेऊ लागतात. मित्रांनी वाचून सांगितलं की यात रहस्यकथा, प्रेमकथा आणि पुस्तकांवरचं ललित अशा तीन कादंबऱ्या वेगवेगळ्या चालल्या आहेत. म्हणून तुम्ही विचारलंत की तिन्हींचं प्रमाण किती ठेवावं.

माझ्या मते अडचण प्रमाणाची नाही. खानदेशातल्या एका वाचनालयात मी बरीच वर्षं देवघेवीच्या टेबलामागे बसलो आणि आता नव्या लेखकांच्या कादंबऱ्या छापण्याआधी वाचून देतो. अशा कादंबऱ्यांत एक गोष्ट वारंवार दिसते. नायकाचं पुस्तकांवर प्रेम आहे असं पानोपानी सांगितलेलं असतं, जुन्या कागदाचा वास येतो, पिवळी पानं येतात, पण शेवटी रहस्य उलगडतं ते एखादे आजोबा सगळं सांगून टाकतात तेव्हा. म्हणजे त्या पुस्तकप्रेमाने कथेत काहीच घडवलेलं नसतं. मग ते ललित वेगळं पडणारच. जे फक्त पुस्तक हातात घेऊन बारकाईने पाहणाऱ्यालाच उलगडेल असं रहस्य रचा, आणि उलगडल्यावर जे हाती येईल ती कोणाच्या तरी मनातली गोष्ट असू द्या. तेवढं जमलं की प्रमाणाचा हिशेब करावा लागत नाही, कारण नायक पुस्तक तपासत असतो तेव्हा तिन्ही गोष्टी एकदमच पुढे सरकत असतात.

बरंचसं तुमचा काळ कोणता यावर अवलंबून आहे. वही १९२० च्या आसपासची असेल तर कौटुंबिक पत्रं, हिशेब आणि कागदपत्रं मोडीत असू शकतात, म्हणजे वाचणारा माणूसही शोधावा लागेल. १९६० च्या सुमाराची असेल तर सगळं बाळबोध म्हणजे देवनागरी लिपीत, दौतीतल्या निळ्या शाईत. बोरूने लिहिलेली काजळाची शाई शंभर वर्षांनीही काळीभोर राहते. निळी शाई उन्हाने उडते आणि ओल लागली की पसरते. पेन्सिल मात्र टिकते, आणि तिच्यावरून काळ ठरवता येत नाही. मी पुढे जे लिहितो ते १९६० चा काळ धरून, कारण त्या वेळी अठरा-वीस वर्षांची असलेली मुलगी आज ८५ च्या घरात असेल. ती हयात असण्याची शक्यता तुमच्या कथेत फार मोलाची आहे. तुमचा काळ वेगळा असेल तर तपशील बदलतील, रचना तीच राहील.

आता पुस्तकाकडे येतो. वाचनालयातलं पुस्तक आपल्या अंगावर किती खुणा वागवतं याचा तुमच्या दीडशे पानांत जवळजवळ उपयोगच झालेला दिसत नाही. दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक, तारीख, किंमत आणि ते विकत घेतलं की देणगीत आलं याची नोंद असते. शेऱ्याच्या रकान्यात ते गहाळ झालं की बाद केलं तेही असतं. शीर्षकपानावर शिक्का असतोच, पण प्रत्येक वाचनालयाचं एक ठरलेलं गुप्त पान असतं आणि त्यावरही शिक्का मारतात. चोर शीर्षकपान फाडतो, गुप्त पान त्याला ठाऊक नसतं. तुमच्या संग्रहाच्या गुप्त पानावर दुसऱ्याच गावच्या वाचनालयाचा शिक्का निघाला तर? हे पुस्तक मुळात इथलं नाहीच, एवढं नायकाला एका दृष्टिक्षेपात कळेल.

यापेक्षाही श्रीमंत जागा म्हणजे पुस्तकाची बांधणी. यावर थोडा रेंगाळतो, कारण तुमचं अर्धं रहस्य इथे सुटू शकतं. खूप हाताळलेलं पुस्तक वाचनालय पुन्हा बांधून घेतं. बांधणारा शिवण उसवतो, नवी शिवण घालतो, पुठ्ठा चढवतो आणि शेवटी तिन्ही कडा कातरतो, म्हणजे पानं एकसारखी दिसावीत. त्या कातरण्यात समासातलं लिखाण कापलं जातं. तुम्ही समासातल्या ओळी पूर्ण, स्वच्छ, वाचता येण्याजोग्या दाखवल्या आहेत. त्याऐवजी काही ओळींची शेवटची अक्षरं कापली गेलेली असू द्या. ओळ अर्धी का, याला मग लेखकाची लहर जबाबदार राहत नाही, बांधणाऱ्याचा सुरा जबाबदार ठरतो. वाचकालाही ते पटतं.

त्यातून लगेच दुसरी गोष्ट निघते. कापलेल्या ओळी बांधणीच्या आधीच्या, आणि कडेपर्यंत जाऊनही शाबूत असलेल्या ओळी नंतरच्या. वाचनालयाच्या खर्चाच्या वहीत बांधणीची तारीख असते. म्हणजे ज्या पेन्सिलीचा काळ सांगता येत नव्हता, तिचा काळ तुमच्या ग्रंथपालाने निव्वळ पानाची कड पाहून सांगितला. ही मुलगी पुस्तकांवर प्रेम करते असं मग एकदाही लिहावं लागणार नाही. आणि नायक तिच्याकडे त्या क्षणी ज्या नजरेने पाहील, तिथे तुमची प्रेमकथा सुरू होईल. सध्या ती चहाच्या टपरीवर सुरू होते आणि तिचा पुस्तकाशी संबंध नाही.

समजा कापलेल्या ओळी दोन हातांच्या आहेत, एक विचारतो आणि दुसरा उत्तर देतो. शाबूत ओळी मात्र एकाच हातच्या आहेत. म्हणजे बांधणीनंतर उत्तरं थांबली. कोण गेलं, का गेलं, हा प्रश्न रहस्याचा आहे आणि प्रेमाचाही.

आता तारीख पट्टी. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या त्या कागदावर दर वेळी परतीची तारीख उमटते. तुमच्या नायकाला त्यात काही वर्षं एक विचित्र गोष्ट दिसू द्या. एरवी हे पुस्तक कोणी नेत नाही, पण वर्षातून एकदा ते बाहेर जातं. कधी एप्रिलच्या शेवटी, कधी मेच्या मध्यावर. तारखांत मेळ लागत नाही. तो उन्हाळी सुट्टी, परीक्षा, लग्नसराई सगळं लावून पाहतो आणि हरतो. मग कोणीतरी, नायकाची आजी असेल तर फारच छान, जुनी पंचांगं पुढे ठेवते. सगळ्या तारखा अक्षय तृतीयेच्या, म्हणजे आपल्या आखाजीच्या, आगेमागे पडतात. चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं आणि अधिक महिना ती तूट भरून काढतो, म्हणून इंग्रजी तारीख मागेपुढे होत राहते. आखाजीला खानदेशातल्या सासुरवाशिणी माहेरी येतात हे तुम्हाला मी सांगायला नको. निंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, चार दिवस लेकीबाळी मोकळ्या असतात. म्हणजे पुस्तक नेणारी लग्न होऊन गेलेली मुलगी आहे, आणि दर आखाजीला ती ते मागवून पाहते की समासात उत्तर आलं आहे का.

हा धागा दुसऱ्या कोणत्याही प्रदेशात असा चालला नसता. खानदेश तुमच्या कादंबरीत सध्या शेवभाजी, वरणबट्टी आणि केळीच्या बागांपुरता आहे. आपल्याला ते सगळं प्रिय आहेच, पण ते काढून टाकलं तरी तुमची कथा तशीच राहते. आखाजी काढली तर ही कथा उभीच राहणार नाही. प्रदेश कथेत असा असावा.

इथे एक अडथळा ठेवा, नाहीतर शोध फार सोपा होईल. तेव्हा वाचकाला कपाटापर्यंत जाऊ देत नसत. चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं आणि शिपाई पुस्तक आणून द्यायचा. मुली बहुधा भावाला किंवा धाकट्या काकाला पाठवत. त्यामुळे देवघेवीच्या वहीत सभासद म्हणून भावाचं नाव निघेल. वही कोणाच्या नावावर पुस्तक गेलं ते सांगते, कोणी वाचलं ते सांगत नाही. नायक बरीच पानं त्या भावालाच कवी समजत राहील. तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता आणि आयुष्यात त्याने एक कविता वाचली नव्हती, हे कळेपर्यंत वाचकालाही तसंच वाटू द्या.

अक्षरावरून माणूस ओळखण्याचा तुमचा आराखडा मात्र बदलावा असं मला कळकळीने वाटतं. वहीतलं अक्षर ज्याचं, तोच कवी, असं तुम्ही धरलं आहे. आपल्याच भागात याच्या उलट घडलेलं सर्वांना ठाऊक आहे. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या रचत गेल्या आणि मुलगा सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ते वेळोवेळी उतरवून घेतलं. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी त्या कविता आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. कोणी उतरवून घेतलं नसतं तर एवढी मोठी कविता असोद्याच्या आणि जळगावच्या घराबाहेर कधी आलीच नसती. रचणारं मन एकाचं आणि लिहिणारा हात दुसऱ्याचा, ही गोष्ट आपल्या मातीत आहे. तुमच्या कादंबरीची किल्ली मला तिथे दिसते.

त्याला जोडून आणखी एक. छापलेल्या पुस्तकाची एक प्रत हरवली तर फारसं बिघडत नाही, दुसरी मिळते. हरवण्याची धास्ती वाटायला हवी असेल तर वस्तू एकमेव असली पाहिजे. शाळा-वसतिगृहांतले हस्तलिखित अंक आठवा. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक असताना १९३० च्या आधी छात्रालयातल्या मुलांसाठी रोज हाताने दैनिक लिहून काढत. पुढेही आपल्याकडच्या कितीतरी शाळांत असे अंक निघाले. एकच प्रत, आणि ती सगळ्यांनी वाचायची. या अंकात कविता अनेकांच्या असत, पण उतरवून काढणारा बहुधा एकच, वर्गात ज्याचं अक्षर सर्वांत सुंदर तो मुलगा. तुमची हरवलेली वही अशा अंकांची करा. गावात जो कवी कोणालाच आठवत नाही, त्याचं नाव मुळात बनवलेलं असू शकतं. मुलीने वसतिगृहाच्या अंकाला उघडपणे कविता पाठवणं शक्य नव्हतं. तिने त्या वाचनालयाच्या पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने ठेवल्या आणि सुंदर अक्षराच्या त्या मुलाने त्या वेगळ्या नावाने अंकात उतरवल्या. समासातल्या ज्या ओळी बांधणाऱ्याने कापल्या, त्या पूर्ण स्वरूपात फक्त त्या वहीत उरल्या. आता वही सापडण्याला काही अर्थ आला.

असंच करा असा माझा आग्रह नाही. पण जे काही कराल त्यात पुस्तक, वही आणि माणसं एकमेकांत इतकी गुंतू द्या की एक ओढलं तर दुसरं हललंच पाहिजे.

तुम्ही पत्रात एक विचार बोलून दाखवला आहे की कवी काल्पनिक ठेवण्याऐवजी बालकवींचीच एखादी अज्ञात वही सापडली असं दाखवावं. मोह समजतो. धरणगावात जन्म, १९०७ मध्ये जळगावच्या कवी संमेलनात मुलाच्या वयात मिळालेलं कौतुक, आणि ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी आलेला मृत्यू. कोणत्याही लेखकाला ओढ लागेल असं ते आयुष्य आहे. तरी माझं मत स्पष्टपणे विरोधात आहे. वही दाखवली की त्यातली कविता दाखवावी लागेल, म्हणजे बालकवींच्या नावावर तुम्हाला ओळी लिहाव्या लागतील. मराठी वाचकाच्या कानात त्यांची लय इतकी पक्की आहे की दुसऱ्या शब्दालाच तो थांबेल. आणि खऱ्या माणसाच्या दुःखद मृत्यूला आपल्या कथेसाठी कारण शोधून देणं मला मनापासून अयोग्य वाटतं. तुमचा काल्पनिक माणूस त्या काळाच्या बाजूने जाऊ द्या. १९३६ मध्ये माधव ज्यूलियन अध्यक्ष असलेलं साहित्य संमेलन जळगावला झालं, १९५२ चं अमळनेरला. त्या मुलाने अमळनेरच्या मांडवात मागे उभं राहून कविता ऐकल्या, एवढी एक ओळ पुरेशी आहे.

आता तुमच्या ग्रंथपालाबद्दल. ती मदत करते, करतच राहते, आणि म्हणून ती फिकी पडली आहे. कोणत्या वाचकाने काय वाचलं हे तिसऱ्याला सांगायचं नाही, हे आमच्या कामातलं जुनं व्रत आहे. नियमाच्या पुस्तकात असो वा नसो, चांगला ग्रंथपाल ते पाळतो. भावाच्या नावामागे कोण आहे हे तिला आधी कळेल, कारण वह्या तिच्या ताब्यात आहेत. ती बाई हयात आहे, जवळच्याच गावात आहे, आणि तिच्या मुलासुनांना यातलं काहीही माहीत नाही. नायक नाव मागतो. ग्रंथपाल नाही म्हणते. तिचं पुस्तकांवरचं प्रेम इथे पहिल्यांदा तिच्याकडून काहीतरी मागतं आणि ती ते देते. हा प्रसंग कादंबरीच्या मध्यावर हवा, आणि घाईने लिहू नका. नायकाने तिच्या नकाराचा मान राखला तर तो तिच्या प्रेमाला पात्र ठरेल. त्याने चोरून देवघेवीची वही पाहिली तर कथा वेगळ्या वाटेने जाईल, तीही वाट चालेल, पण मग शेवट गोड करता येणार नाही.

कथेला वेळेची टोचणी हवी असं तुमच्या मित्राने म्हटलं आहे, ते बरोबर आहे, पण त्यासाठी खलनायक आणू नका. वाचनालयात दर काही वर्षांनी फाटकी, कोणी न नेणारी पुस्तकं बाद करतात. यादी होते, कार्यकारी मंडळाची मंजुरी मिळते आणि पुस्तकं रद्दीत जातात. तुमचा संग्रह त्या यादीत आहे, एवढंच पुरे.

जुन्या हस्तलिखितांबद्दल तुम्हाला प्रत्यक्ष पाहायचं असेल तर धुळ्याला जा. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच वारले आणि त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या राजवाडे संशोधन मंडळात त्यांच्या कामाचा वारसा जपला आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून गोळा केलेल्या रामदासी पोथ्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. पोथी लिहिताना चूक झाली की लेखक त्यावर हरताळ फासत, त्या पिवळ्या पट्ट्याखाली जुनं अक्षर कुठे कुठे डोकावतं. पोथीच्या शेवटी लिहिणारा विनवतो की तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. पुस्तकाच्या तोंडून निघालेली ही विनवणी वाचली की पुस्तकभक्तीवरची तुमची तीन-चार पानं तुम्ही आपणहून काढून टाकाल.

भाषेचं विचारलंत. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, संवाद माणसागणिक. अमळनेर-धुळ्याकडची आजी अहिराणी बोलेल, यावल-रावेरकडची बाई लेवा बोली. दोन्ही एकच समजून ‘खानदेशी’ लिहू नका, आपले वाचक लगेच पकडतात. याचा उपयोग शोधातही होईल. समासातल्या एखाद्या ओळीत नकळत ‘आहे’ऐवजी ‘शे’ आलं असेल तर लिहिणारी अहिराणी घरातली आहे, हे नायकाच्या आजीला ऐकल्याबरोबर कळेल. त्या मुलीच्या कविता किती छापाव्यात? फार थोड्या. चार ओळी, पण त्यांवर महिनाभर काम करा. त्या साध्या, ओवीच्या चालीच्या असू द्या. त्या कच्च्या निघाल्या तर एवढा शोध कशासाठी, असं वाचक विचारेल.

लिहून झालेल्या पानांचं काय करायचं? ती टाकू नका. आधी फक्त ते पुस्तक पूर्ण ठरवा. दाखल क्रमांक, देणगीदार, गुप्त पान, बांधणीची तारीख, तारीख पट्टीवरच्या सगळ्या तारखा, कोणत्या पानाच्या समासात कोणती ओळ आणि ती कुठे कापली गेली, हे सगळं एका कागदावर लिहून काढा. शक्य असेल तर जुनं एखादं पुस्तक विकत घेऊन त्यात पेन्सिलीने प्रत्यक्ष लिहा आणि गावातल्या बांधणाऱ्याकडून कडा कातरून घ्या. काय उरतं ते डोळ्यांनी पाहाल. मग दीडशे पानं पुन्हा वाचा आणि ज्या प्रसंगात त्या कागदावरचं काहीच वापरलं गेलं नाही, त्यापुढे खूण करा. चहाच्या टपरीचा प्रसंग त्यात पहिला असेल. तो देवघेवीच्या टेबलाशी हलवा, आणि बाकीच्या खुणा केलेल्या प्रसंगांची यादी इथे टाका, मी वाचून कळवतो.